नाचणीच्या भाकरीमागे वेताळ

जव्हारच्या एस.टी. स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दुकानात, भर दुपारी, मॉनिटरचं रिकामं खोकं डोक्यावर घालून मी नाचत होतो, हे खरं आहे. जामसरच्या शाळेतल्या बाईंनी ते पाहिलं, हेही खरं. पुढे स्टँडवर जे पसरलं, की रमेशला करंट बसला आणि तेव्हापासून तो असाच हलतो, ते मात्र साफ खोटं. दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा’ असा निरोप आला तेव्हा म्हटलं, चला, निदान हा एक खुलासा छापील होऊन जाऊ दे.

आधी धंद्याविषयी. लोकांना वाटतं, कॉम्प्युटरवाल्याला फार डोकं लागतं. डोकं बेताचं चालतं, ब्रश मात्र चांगला लागतो. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे पाऊस एकदा बसला की पाहुण्यासारखा उठायचं नाव घेत नाही. बोर्डावर ओल धरते, पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि मशीन मुकं होतं. मग ते उघडायचं, झाडायचं, आतली रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर साधा शाळेतला खोडरबर फिरवायचा आणि परत बसवायची. निम्म्या दुरुस्त्या एवढ्यात होतात. गिऱ्हाईक समोर उभं असेल तर खोडरबर फिरवताना मी कपाळाला चार आठ्या घालतो, नाहीतर पैसे देताना त्या त्याच्या कपाळाला पडतात.

साखरशेतच्या एका काकांचा कॉम्प्युटर असाच पावसात भिजला. काकांनी तो सरळ चुलीवरच्या माळ्यावर चढवला. तिथे भाताचं बियाणं सुकतं, सुके बोंबील टिकतात, मग कॉम्प्युटरने काय घोडं मारलंय? पावसाळा संपल्यावर माझ्याकडे आणला. मशीन आतून खडखडीत कोरडं होतं, मला करायला काही उरलं नव्हतं. फक्त पंखा फिरायला लागला की दुकानभर बोंबलाचा वास. मी म्हटलं, काका, हा वास काही जायचा नाही. काका म्हणाले, “राहू दे. मांजर त्याच्यापासनं हलत नाय आता. उंदीर वायरी खायचं, ते बंद झालं.” हा उपाय मी अजून कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

पण मला सांगायचं आहे ते एका कपाटाबद्दल.

तरुणपणी मी कल्याणला एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये दुरुस्तीला होतो. उभी लाकडी कपाटं, पोटात टीव्ही, समोर दांडी आणि बटणं. नाणं टाका आणि खेळा. दांडीखाली चार बारीक स्विच असतात, दांडी जिकडे झुकेल तिकडचा ‘टक’ करून दबतो, एवढीच करामत. त्यातल्या एका खेळावर माझा जीव जडला. पडद्यावर नुसत्या गल्ल्या, एक पिवळा गोळा तोंड उघडमीट करत ठिपके खात पळतोय आणि चार भुतं त्याच्या मागे. हा खेळ तुम्ही कुठेतरी पाहिलेला असणारच. बघणाऱ्याला वाटतं, चारही भुतं सारखी. बोर्ड दुरुस्त करता करता, आणि मालक जेवायला गेला की खेळता खेळता, मला कळलं की चौघांचे स्वभाव वेगळे आहेत. एक सरळ पाठ धरतो. एक तुम्ही पुढे कुठे जाल ते ओळखून तिथे आधीच जाऊन उभा राहतो. एकाचा काही भरवसा नाही. आणि एक जवळ आला की स्वतःच बिचकून कोपऱ्यात जातो. कुणीतरी परमुलखातल्या माणसाने हे चार स्वभाव आकड्यांत बसवले आणि ते कल्याणपर्यंत येऊन मला छळतात, याचं मला इतकं कौतुक वाटायचं की रात्री जेवताना मी खोलीतल्या सोबत्यांना ते समजावून सांगायचो. सोबती लवकर झोपायला लागले.

पार्लर बंद झालं तेव्हा मालकाने ते कपाट मला देऊन टाकलं. बोर्ड जळालेला होता. जव्हारला दुकान टाकलं त्या दिवसापासून ते एका कोपऱ्यात उभं होतं, डोक्यावर जुने कीबोर्ड घेऊन. गेल्या वर्षी पावसात गिऱ्हाईक तुटलं होतं, लाइट येऊन जाऊन होती, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला सुचू नये ते मला सुचलं. तो खेळ आपण स्वतः बनवायचा. नक्कल नको. आपला, इथला, पण त्या खेळाला हात जोडून.

पिवळ्या गोळ्याच्या जागी मी नाचणीची भाकरी घेतली. एक तुकडा मोडलेली भाकरी, हुबेहूब उघडलेलं तोंड. ठिपक्यांच्या जागी भाताचे दाणे. लगेच पहिला आक्षेप आला, चहावाल्याचा. “शेठ, भाकरीच दाणे खाते, मग भाकरी कोण खाणार?” त्याला मी उत्तर देणार, तेवढ्यात माझ्या मनात चार भुतांची जागा पक्की झाली. भाकरीच्या मागे आमच्या बोहाड्याची सोंगं लावायची.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. होळी झाली की आमच्या मोखाड्याकडच्या गावांतून बोहाडा होतो. देवादैत्यांचे मोठे मुखवटे चढवून माणसं मशालींच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर नाचतात, पहाटेपर्यंत. मुखवट्याला आम्ही सोंग म्हणतो. आमच्या गावात एकेक सोंग एकेका घराचं असतं. वाघोबा एका घराचा, राक्षसीण दुसऱ्या घराची, दैत्य तिसऱ्याचा. वेताळ आमच्या घरचा. वर्षभर तो फडक्यात गुंडाळून माळ्यावर असतो आणि बोहाड्याला आमच्याच घरातल्या पुरुषाने तो घालायचा. ज्या घरात नाचणारा उरत नाही त्याचं सोंग गाव दुसऱ्या घराला देतं. यात कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही अशी रीत आहे. वाईट वाटतंच.

आमचा वेताळ नाचवायचा तो माझा मोठा भाऊ, काशीनाथदादा. गावाला त्याच्यासारखा वेताळ माहीत नाही. पण गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्याने दगा दिला आणि डॉक्टरांनी नाच बंद सांगितला. त्याच्या दोन्ही मुली नांदायला गेलेल्या. माझी एकुलती एक लेक ठाण्याला नर्स. राहिलो मी. तर माझ्याविषयी असं, की लहानपणी बाने मला एकदा अंगणात नाचवून पाहिलं होतं. संबळवाल्याला इतकं हसू फुटलं की त्याचा ठेका सुटला. बा म्हणाला, “ह्याला शाळेत घाला.” माझ्या शिक्षणाची सुरुवात अशी झाली.

त्यामुळे पुढच्या बोहाड्याला वेताळ कुणाच्या घरी जाणार, हा प्रश्न आमच्या घरात सगळ्यांच्या मनात होता आणि तोंडात कुणाच्याच नव्हता. मी तर तो विषय निघेल म्हणून गावाला जाणंही कमी केलं होतं.

अशात दादा दुकानात यायला लागला. गुडघा दाखवायला जव्हारच्या सरकारी दवाखान्यात यायचं आणि परतीची जीप भरेपर्यंत माझ्याकडे बसायचं. पहिल्या दिवशी चहा पिता पिता त्याची नजर पडद्यावर गेली.

“हा कोण?”

“वेताळ. आपलाच.”

दादाने पुढे वाकून पाहिलं. मग कप खाली ठेवला. “रम्या, असा नाय.”

“काय असा नाय?”

“चालतो कसा तो? बाजाराला निघाल्यागत. वेताळ येताना डावा पाय आपटून येतो. मंग थांबतो. मंग बघतो. समजला कं?”

मी म्हटलं, दादा, हा एवढासा आहे, नखाएवढा, त्याला पायच नाहीत. दादा म्हणाला, “पाय नायत म्हणून कसाही चालल कं?”

झालं. मी त्या संध्याकाळी वेताळाला थांबायला शिकवलं. हे काम कसं असतं ते सांगतो, फार अवघड नाही. पडद्यावरचं सोंग म्हणजे एक प्रश्न असतो. मी या चौकात आलोय, आता कुठे वळू? भाकरी कुठे आहे, भिंत कुठे आहे, एवढं बघून त्याला उत्तर द्यायचं. ते उत्तर मी लिहून ठेवतो आणि मशीन ते क्षणोक्षणी वाचतं. दादाच्या सांगण्यावरून त्यात थांबा घातला, पाय आपटला की पडदा जरासा हादरेल असं केलं. पुढच्या वेळी दादा आला, पाहिलं, म्हणाला, “असा नाय.”

मग तो उठून दाखवायचा प्रयत्न करी, गुडघा कळ मारी, तो बसे. “तूच उभा रहा,” तो म्हणाला. “पाय कुठं पडतो ते तुलाच कळला नाय तर त्या डब्याला काय शिकवशील?” ते मला पटलं. काउंटर आणि जुन्या यूपीएसच्या ढिगामध्ये एक माणूस मावेल एवढी वाट आहे, तिथे मी उभा राहिलो. दादाने एक रिकामी सीपीयूची पेटी मांडीवर घेतली आणि दोन स्क्रूड्रायव्हरांनी तिच्यावर संबळाचा ठेका धरला. पत्र्याचा तो आवाज स्टँडपर्यंत जायचा. मी डावा पाय आपटून पुढे जायचो, यूपीएसला अडकायचो, मागे यायचो, मग खुर्चीवर बसून तेच लिहून काढायचो. प्रिंटर घेऊन आलेली माणसं दारात थांबायची. काहीजण प्रिंटर खाली ठेवून बसायची. एकाने तर चालू प्रिंटर दुरुस्तीला आणला होता, हे मला नंतर कळलं.

वेताळ पडद्यावर चालायला लागला, पण कधी कधी कोपऱ्यात शिरून भिंतीला घासत राहायचा. दादा म्हणाला, त्याला दिसत नाय. मी म्हटलं, त्याला मी सगळं दाखवतो, सगळ्या गल्ल्या एकदम. दादा हसला. “मंग तो वेताळ कसला? सोंगाच्या आतनं तोंडाच्या भोकातनं दिसतं, वीतभर. तेवढ्यात लोक, मशाल, दगडधोंडा सगळा बघायचा. तुला बघायचं कं?” कोपऱ्यात जुन्या जाडजूड मॉनिटरचं रिकामं खोकं पडलं होतं, पडद्याच्या जागी नुसतं भोक. दादाने ते उचलून माझ्या डोक्यावर बसवलं आणि ठेका धरला.

आत गरम, अंधार आणि समोर वीतभर चौकोन. पण गंमत अशी की मला कोणी दिसत नव्हतं म्हणून मला कुणाची लाज वाटत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी मोकळा नाचलो. डावा पाय असा पडत होता की कपाटावरचे कीबोर्ड खडखडत होते. आणि त्या चौकोनात एकाएकी लॅपटॉप छातीशी धरलेल्या जामसरच्या बाई आल्या.

“सर आहेत का?” बाईंनी दादाला विचारलं.

“आहेत,” मी खोक्याच्या आतून म्हणालो.

बाई शांतपणे म्हणाल्या, “मग मी उद्या येते.” आणि गेल्या. त्यापुढची अफवा वर आलीच आहे.

आता माझ्या एका चुकीबद्दल. मूळ खेळात एक मोठा ठिपका असतो, तो खाल्ला की भुतं घाबरून उलटी पळतात आणि गोळा त्यांचा पाठलाग करतो. त्या ठिपक्याच्या जागी मी नारळ ठेवला, कारण बोहाड्यात बायका सोंगापुढे नारळ धरतात आणि सोंग शांत होऊन मागे सरतं. मला वाटलं, चपखल बसलं. भाकरीने नारळ घेतला की माझी चारही सोंगं वळून धूम पळायची. मोठ्या कौतुकाने मी त्याचं चित्रीकरण करून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी वाघोबाच्या घरचे सोमाकाका जीप करून आले. जीपमध्ये राक्षसिणीच्या घरची माणसंही होती. सोमाकाकांनी पाणी घेतलं नाही, हे लक्षण वाईट.

“आमचा वाघोबा पाठ दाखवून पळतो, हा कधी पाहिलास तू?”

मी म्हटलं, काका, खेळ आहे. काका म्हणाले, “खेळ हाय म्हणूनच इचारतो. सोंग पाठ दाखवत नाय. आमच्या आज्यानंही दाखवली नाय.” राक्षसिणीच्या घरच्यांचं दुःख निराळं होतं. बिचकून कोपऱ्यात जाणारं भूत मी त्यांच्या राक्षसिणीला दिलं होतं. “आमची बाई काय भित्री हाय कं?” आणि मग सगळे मिळून वेताळ बघायला लागले, कारण वेताळ सगळ्यांत रुबाबदार चालत होता, आणि वेताळ माझ्या घरचा होता.

दादा खुर्चीत बसून होता. तो म्हणाला, “सोमा, पोराची चूक हाय. सुधारल तो. सोंग मागं जाताना तोंड पुढंच ठेवतं. ये रम्या, दाखव.” आणि त्याने पेटीवर ठेका धरला. मी सोमाकाकांच्या समोर, बिनखोक्याचा, उघड्या चेहऱ्याने, पाठ न दाखवता मागे मागे गेलो, कपाटाला टेकेपर्यंत. कुणीच हसलं नाही. सोमाकाकांनी दादाकडे पाहिलं, दादाने सोमाकाकांकडे, आणि काकांनी पाणी मागितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मी राक्षसिणीला स्वभाव कोणता द्यायचा या विचारात होतो.

खेळ बदलला. आता नारळ घेतला की सोंगं पळत नाहीत. तुमच्याकडे रोखून बघत हळूहळू मागे सरतात. खेळणाऱ्याला त्याचीच जास्त भीती वाटते. राक्षसिणीला मी पुढचं ओळखून आधीच जाऊन उभं राहण्याचा स्वभाव दिला, घरचे खूश झाले. बिचकणारा स्वभाव उरला तो दैत्याला गेला, कारण दैत्याच्या घरचं कुणी आलंच नव्हतं.

होळी झाली आणि बोहाडा ठरवायला गाव देवळासमोर बसलं. मी गेलो, पण मागे, खांबाआड. एकेक घराचं नाव निघालं, एकेकाने हो म्हटलं. आमचं नाव आलं तेव्हा मी खाली बघत होतो. दादा काठीवर भार देऊन उठला. म्हणाला, “वेताळ उभा राहील. रमेश नाचल.”

मी म्हटलं, “मी?”

“मंग दुकानात इतके दिस काय केलंस? टायपिंग?”

सगळं गाव हसलं, त्यात सोमाकाका सगळ्यांत जोरात. मी घरी येऊन वहिनीला म्हटलं, दादाला सांगा ना काहीतरी, दवाखान्याच्या फेऱ्या करून करून दमलाय, डोकं फिरलंय त्याचं. वहिनी भाकऱ्या थापत होत्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टरानं एकदाच बोलावला होता, भावजी. बाकीच्या वेळेस जीपीचं हाडं मोडणारं हेलपाटं ते तुमच्याचसाठी मारायचं. मला बोलले, त्याला नाच शिकवतो बोललो तर पळून जाईल, खेळ शिकवतो बोलू.”

मी तिथेच चुलीपाशी बसलो. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. गुडघा धरून तो माणूस घाटातनं जीपमध्ये चेंगरून यायचा आणि माझ्या यूपीएसच्या ढिगाशेजारी बसून मला घडवायचा, आणि मी समजत होतो, मी वेताळाला घडवतोय.

आमच्या सोंगाची पाळी उजाडता उजाडता येते. दादाने स्वतःच्या हाताने मुखवटा माझ्या डोक्यावर बांधला, पट्टे ओढले. आत जुन्या रंगाचा आणि त्याच्या घामाचा वास. समोर वीतभर चौकोन. त्या चौकोनाची मला सवय होती. संबळ वाजला आणि पाय डावाच पडला, मी सांगायच्या आधी. पोरंबाळं किंचाळत मागे सरकली, आणि गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “भाकरी लपवा रे.” मुखवट्याच्या आत मी इतका हसत होतो की बरं झालं वेताळाचा चेहरा लाकडाचा आहे.

मग चौकोनात वहिनी आल्या, हातात नारळ. मी थांबलो. बघितलं. आणि तोंड त्यांच्याकडेच ठेवून मागे मागे गेलो, लहान पावलांनी, पाठीमागे काय आहे हे न बघता. दादा कुठेतरी मागे खुर्चीत होता, त्याची काठी जमिनीवर ठेका धरत होती. मी त्या आवाजाच्या दिशेने गेलो आणि त्याच्या गुडघ्याला न लागता बरोबर त्याच्या पुढ्यात थांबलो.

मुखवटा उतरवल्यावर मी विचारलं, कसा झाला? दादा म्हणाला, “डावा पाय उशिरा पडतो अजून.” पण मुखवटा त्याने स्वतःच फडक्यात गुंडाळला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आणि तो आमच्याच माळ्यावर परत गेला.

आता कपाटाच्या पोटात जळालेल्या बोर्डाऐवजी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि ते दुकानात दर्शनी भागात असतं. गिऱ्हाईकं खेळतात, जामसरच्या बाईंचा आकडा सगळ्यांत वर आहे. दादा मात्र पडद्याला कधी हात लावत नव्हता. गणपतीच्या खरेदीला आला तेव्हा मी त्याला ओढून उभा केला, दांडी हातात दिली. आणि काय सांगू, गुडघ्याने बसलेला माणूस हाताने उडत होता. वाघोबाला त्याने गल्लीत चकवलं, राक्षसिणीला वळसा घातला, दैत्याकडे तर ढुंकूनही पाहिलं नाही. मग समोरच्या चौकात वेताळ आला. डावा पाय आपटला, थांबला, बघितलं. दादाने दांडी सोडली आणि दोन्ही हात जोडले. वेताळाने भाकरी खाऊन टाकली.

मी म्हटलं, दादा, अरे पळायचं होतं. थांब, तुझ्यासाठी वेताळ जरा हळू करून देतो.

दादा पडद्याकडेच बघत होता. “हात नको लावू,” तो म्हणाला. “असाच.”